पाचव्या पडद्यामागची खाच

४ जानेवारी

चि. पटाशी,

आशीर्वाद भरपूर आहेत पण वेळ कमी आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. फोन करणार होतो, पण फोनवर तुझं माझं जमत नाही. मला डावा कान नाही आणि तुला धीर नाही. शिवाय लिहिलेलं नंतर नाकारता येत नाही, तेव्हा हे पत्र जपून ठेव.

बातमी अशी की इथल्या वाद्यसंग्रहालयात एप्रिलपासून मोठं प्रदर्शन भरतंय, जुनी वाद्यं आणि ती वाजवणारी माणसं. पहिल्याच दालनात, दारातून आत शिरलं की समोर, एक काचेचं कपाट मी ताईच्या गिटारसाठी मिळवलंय. मिळवलंय म्हणजे भांडून मिळवलंय. संचालकबाईंच्या खोलीत मी इतक्या वेळा जाऊन बसलो की शेवटी त्यांचा शिपाई मला न विचारता चहा आणायला लागला. कपाटात गिटार, वरून दिवा आणि खाली पितळी पाटी. पाटीवर तुझ्या आईचं पूर्ण नाव.

तुला यात काय एवढं, असं वाटेल, म्हणून सांगतो. ताई एकोणीसची होती आणि मी सोळाचा, तेव्हा स्टेशनाजवळचं एक हॉटेल बंद पडलं आणि तिथल्या बँडचं सामान विकायला निघालं. त्यातून ही इलेक्ट्रिक गिटार ताईने उचलली. तेव्हाच ती पंधरा वर्षं जुनी होती. पुढची बावीस वर्षं ताई ती घेऊन स्टेजवर उभी राहिली आणि मी गिटारची पेटी नि ॲम्प उचलत तिच्यामागे फिरलो. तीन रेकॉर्डवर तिचा हात आहे. तिन्हींच्या कव्हरवर गाणाऱ्याचं नाव आहे, ड्रमवाल्याचं आहे, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा आहे. गिटारच्या जागी लिहिलंय 'आणि साथीदार'. हे 'साथीदार' मला इतकी वर्षं खुपतंय. आता ते मी पितळेत कोरून दुरुस्त करणार आहे.

गिटार फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत माझ्याकडे पोचली पाहिजे. आणि पटाशी, हात जोडून सांगतो, तिला काही करू नकोस. पुसू नकोस, तेल लावू नकोस, तारासुद्धा बदलू नकोस. तू नव्या गिटारींच्या कारखान्यात आहेस, दिवसाला साठ गिटारी बाहेर काढता, डाग दिसला की तुमचे हात शिवशिवतात. आमच्या जुन्यांच्या धंद्यात उलटं असतं. मूळ स्क्रू, मूळ रंग, मूळ पडदे, इतकंच काय मूळ मळ, यावर तिची किंमत ठरते. (संचालकबाईंनी विचारलं, पडदे म्हणजे काय. गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये बोट दाबलं की सूर निघतो, हे मी त्यांना टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून समजावलं. एवढ्यावर त्या संचालक आहेत.) दांडीला मागून, पाचव्या पडद्यामागे, एक खाच आहे. तीही तशीच राहू दे. वापरामुळे पडली असं मी अर्जात लिहिलं आहे.

ताईला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. कशावर रागावली आहे का? विचारून कळव.

तुझा मामा

१५ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र जपून ठेवलं आहे. गिटार मिळणार नाही.

तू म्हणशील, कार्टीने दोन ओळींत विषय संपवला. तसं नको, म्हणून सविस्तर भांडते. तुझ्या दुकानात भिंतभर जुन्या गिटारी टांगलेल्या आहेत आणि गिऱ्हाईक आलं की तू आवाज खाली आणून बोलतोस, जणू त्या झोपल्यात. 'आता अशी बनत नाही,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. मामा, तेव्हासुद्धा अशी बनत नव्हती. तेव्हाच्या शंभरातल्या साठ गिटारी रद्दी होत्या. दांड्या वाकायच्या, खुंट्या सुटायच्या, सूर वर चढता चढता दम तोडायचा. त्या साठ कधीच मोडीत गेल्या. ज्या चांगल्या होत्या त्या लोकांनी सांभाळल्या, आणि आता उरलेल्यांकडे बघून तू म्हणतोस की जुनं ते सोनं. आमच्याकडे मशीन दांडी कापतं ते केसाइतकंही चुकत नाही. पडद्यांची टोकं मी स्वतः कानशीने गोल करते, बोटाला लागत नाहीत. हे काम मी अकरा वर्षं करतेय आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आणि आठवण करून देते. मागच्या वर्षी तू आला होतास, तेव्हा मी आतल्या खोलीत बसून वाजवत होते आणि तू बाहेरून ओरडलास, "वा, ही खरी जुनी. लाकूड बोलतंय." ती आमच्या कारखान्यातली, रंगात फोड आला म्हणून बाजूला काढलेली गिटार होती. वय तीन आठवडे. त्यावर तू आजपर्यंत एक शब्द बोललेला नाहीस.

आई ठीक आहे. तुझी दोन्ही पत्रं तिने वाचली, उशीखाली ठेवली आहेत. लिहीन म्हणते. रागावलेली नाही.

गिटारला हात लावू नकोस म्हणतोस, पण आता उशीर झालाय. ती माझ्या टेबलावर आहे. धड एकीकडे, दांडी एकीकडे, स्क्रू बशीत.

पटाशी

२१ जानेवारी

चि. पटाशी,

बशीत? ते स्क्रू साठीच्या वर आहेत. माझ्यासारखेच.

त्या दिवशी मला सर्दी होती. तो विषय संपला.

आता ऐक. तू म्हणतेस त्यात तथ्य नाही असं नाही, जुन्यातही भंगार होतं, मी स्वतः विकलंय. पण जी टिकली ती का टिकली याचा तू विचार करत नाहीस. तिच्या पिकअपमधली तार कुणीतरी हाताने गुंडाळली होती. तारांखालच्या त्या चुंबकांवर हजारो वेढे, आणि गुंडाळणारीचा हात मध्येच सैल पडला, मध्येच घट्ट झाला, त्यामुळे प्रत्येकीचा आवाज वेगळा. तुमचं मशीन वेढे मोजून घालतं. साठच्या साठ गिटारी एकाच आवाजात गुड मॉर्निंग म्हणतात, शाळेतल्या पोरांसारख्या. आणि लाकूड इतकी वर्षं वाळतं, रंगाचा थर झिजून पातळ होतो, ते कुठलं मशीन करणार?

पण खरं कारण यातलं एकही नाही. एकदा वस्तूत कुणी हात घातला की ती परत पहिल्यासारखी होत नाही. मी गिऱ्हाइकांना पंचवीस वर्षं हेच सांगतोय. माणसं येतात, म्हणतात जरा पॉलिश करू, जरा नवे पडदे घालू, आणि चांगल्या वाद्याची वाट लावून माझ्याकडे परत आणतात. मग माझ्यासमोर डोळे पुसतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

स्क्रू परत लाव. क्रमाने लाव, एक घट्ट करून दुसरा नाही, चारही थोडे थोडे. मग पेटीत घालून पाठवून दे. संचालकबाई रोज विचारतात. पाटीवरची अक्षरं मी निवडून आलो आहे.

ताईचं पत्र अजून नाही. लिहीन म्हणते, म्हणजे काय? ती कधी असं म्हणत बसणारी होती?

तुझा मामा

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे बसून वाच. उभा असशील तर ते तीन पायांचं स्टूल घे, खुर्ची नको, खुर्चीचा मागचा पाय गेलाय.

मी दांडी तासली.

कशी तासली ते सांगते, म्हणजे तू मनात काहीतरी भलतं आणणार नाहीस. रंधा लावलेला नाही. आधी पुठ्ठ्याचे साचे कापले, पहिल्या पडद्यापाशी एक, पाचव्यापाशी एक, बाराव्यापाशी एक. मग दोन्ही बाजूंचे खांदे, जिथे तळवा भरून येतो तिथले, कानशीने उतरवले आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. दांडी ताठ ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी सळईपासून लांब राहिले. मागच्या पाठीवरची, मधोमध बोटभर रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत जशीच्या तशी आहे, जुन्या रंगासकट. तुझी पाचव्या पडद्यामागची खाच त्या पट्टीत आहे, तिला कागदसुद्धा लागलेला नाही. तीन संध्याकाळ लागल्या. तारा मी पातळ घातल्या, मिळतील तेवढ्या पातळ.

हे चुकून झालेलं नाही. मी ठरवून, मोजून, हात धुऊन केलेलं आहे आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. का केलं ते मी सांगणार नाही. मला तसं वचन द्यावं लागलंय आणि तूच मला शिकवलंस की शब्द दिला की दिला.

उतरलेलं लाकूड मी टाकलं नाही. सोबतच्या पाकिटात आहे. हसू नकोस आणि रडूही नकोस. मला ते केराच्या डब्यात टाकवेना आणि इथे ठेववेना.

गिटार संग्रहालयात येणार नाही. संचालकबाईंना माझं नाव सांग, शिव्या मला घालू देत.

पटाशी

१० फेब्रुवारी

पाकीट मिळालं. मला वाटलं काहीतरी भेट पाठवलीस. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोर उघडलं, आणि सगळा भुसा माझ्या मांडीवर सांडला.

चार स्क्रू होते. चार. ते काढून तुमच्या कारखान्यातली बारीक दांडी बसवायची आणि मूळची फडक्यात गुंडाळून मला पाठवायची, इतकं सोपं होतं. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा हेच करतं. उद्या वाटलं तर मूळची परत बसवता येते. तुला हे माहीत नाही असं होणार नाही. माहीत असून तू कानस घेतलीस.

तुझे हात लहान आहेत हे मी तू पाळण्यात असल्यापासून बघतोय. तुला ती गिटार हवी होती, तुझ्या मापाची करून हवी होती, ती तू करून घेतलीस. आणि वर वचनाच्या गोष्टी सांगतेस. कुणाला दिलंस वचन? कुणा गिऱ्हाइकाला? कारखान्यात साठ गिटारींवर हात चालवतेस तो आईच्या गिटारवर चालवलास. ताईला हे माहीत तरी आहे का, की तिच्या डोळ्यांदेखत केलंस आणि म्हणून ती मला पत्र लिहीत नाही?

अठ्ठेचाळीस वर्षं तिला कुणी धक्का लावला नव्हता. मी लावू दिला नव्हता.

मी आता कानाला खडा लावला. तुझ्याशी वाद नाही आणि पत्रही नाही. संचालकबाईंना काय सांगायचं ते मी बघतो.

मामा

१८ फेब्रुवारी

मामा,

नवी दांडी बसवली होती. आमच्या कारखान्यातली सगळ्यात बारीक, मी स्वतः निवडून आणलेली, माझ्या हाताने घासलेली. तीन आठवडे बसवून ठेवली. चालली नाही. माझी नवी दांडी तुझ्या जुन्यापुढे हरली, हे तुला लिहून द्यायला मला किती जड जातंय ते तुला कळणार नाही.

बाकी तुला जे समजायचं ते समज. मी तुझी भाची आहे, माझं अंग जाड आहे.

पटाशी

२० मार्च

बारक्या,

आशीर्वाद. आणि एक कानाखाली, ती भेटलास की देईन.

काल पोरीचा एप्रन धुवायला टाकताना खिसे तपासले, त्यात तुझं पत्र निघालं. घडी इतकी मोडलेली होती की तिने ते किती वेळा वाचलंय ते कळत होतं. महिनाभर ती तोंड मिटून होती. मी विचारलं मामाचं काय, तर म्हणाली दुकानाच्या गडबडीत आहे. तुझ्या शिव्या तिने माझ्यासाठी खाल्ल्या, तेव्हा आता मी लिहिते. वचन तिने मला दिलं होतं, ते मी मोडते. माझंच आहे, मोडायचा हक्क मला आहे.

नोव्हेंबरात एका सकाळी माझ्या डाव्या हातातून कप पडला. दुसरा घेतला, तोही पडला. तिसरा घ्यायला गेले तोवर मीच पडले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बारीकशी नस होती, थोडक्यात निभावलं. पाय परत आला. बोलणं दोन दिवसांत परत आलं, त्याचं घरात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. डावा हात मात्र अर्धाच आला. तीन बोटं हलतात, पण त्यांना काही लागत नाही. गरम नाही, गार नाही, तार नाही. दिवसभर एक रबरी चेंडू दाबत बसते, कुणाचा तरी गळा असल्यासारखा.

तुला कळवू नको असं मीच बजावलं. तू आधी रडतोस आणि मग विचारतोस काय झालं. तू इथे येऊन माझ्या उशाशी बसला असतास आणि मी आजारी आहे हे मलाही पटलं असतं. आणि मी का लिहिलं नाही म्हणशील, तर तुला खोटं लिहायला हात वळत नाही. उजवासुद्धा.

आता गिटारचं ऐक. महिना दीड महिन्याने मी ती मांडीवर घेतली. जुनी दांडी जाड, बोटं वळून तारांपर्यंत पोचेनात. पोर म्हणाली थांब, आणि कारखान्यातून नवी दांडी घेऊन आली. इतकी सुरेख होती बारक्या, तू कितीही नाक मुरड. बारीक, गुळगुळीत, कुठे म्हणून बोट अडत नव्हतं. आणि मला काहीच वाजवता येईना. हात कुठे आहे तेच कळेना. खाली बघावं तर सूर जातो, सूर धरावा तर जागा जाते. तीन आठवडे मी त्या दांडीवर आंधळ्यासारखी चाचपडले आणि एक दिवस चिडून ती काढायला लावली.

पोरीने जुनी परत बसवली, सहज, निदान दिसायला बरी म्हणून. मी ती धरली आणि माझा अंगठा मागून सरकत जाऊन एका जागी थांबला. त्या खाचेत. अंगठा मेलेला नाही, त्याला सगळं लागतं. तिथून दोन बोटं वर काय, चार बोटं खाली काय, सगळं मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या खाचेवरून मोजून वाजवत होते आणि मला ते कधी कळलंच नव्हतं. बोटं पोचत नव्हती, पण कुठे पोचायचं ते कळत होतं. मी पोरीला म्हटलं, मला अंगठ्याखाली हीच दांडी हवी आणि बोटांखाली ती नवी. काय करायचं ते तू कर.

ती आधी नाही म्हणाली. मामा काय म्हणेल, म्हणाली. मी म्हटलं, गिटार मामाची नाही. तासताना रडत होती. मी समोर बसून होते. म्हटलं नाक पूस, लाकडावर पाणी पडायला नको. तेव्हा तुझा तो प्रश्न, ताईच्या डोळ्यांदेखत केलंस का, त्याचं उत्तर हो. माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्या हुकमाने.

आणि आता त्या खाचेबद्दल. पोर म्हणते, अर्जात तू लिहिलंस की वापरामुळे पडली? बारक्या, ती तू पाडलीस. गिटार घेऊन आठ दिवस झाले होते. टेम्पोतून सामान उतरवत होतास, एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात पेटी. पेटीची कडी नीट लागलेली नव्हती, तीही तूच लावली होतीस. गिटार बाहेर घसरली आणि दांडी टेम्पोच्या लोखंडी कडेवर आपटली. चहा मात्र सांडला नाही. तू पायरीवर बसून इतका रडलास की गाणारा विचारायला आला, कोण गेलं. घरी बाबांना मी सांगितलं की माझ्याच हातून आपटली. तू तेव्हा काही बोलला नाहीस आणि त्यानंतरही कधी बोलला नाहीस.

तेव्हापासून तू कुणाला कशाला हात लावू देत नाहीस. भिंतभर गिटारी टांगून त्यांची राखण करतोस. मला हे कळत नाही असं समजू नकोस. मी आतापर्यंत बोलले नाही, कारण राखणदारी करून तुझं पोट चाललं होतं. आता बोलते. तुझ्या त्या चुकीवर अंगठा टेकवून मी पुन्हा वाजवायला लागले आहे. तेव्हा तिची लाज बाळगणं आता बंद कर.

पाटी मला नको आहे असं नाही. हवी आहे. 'साथीदार' वाचून तुला जितका राग येतो त्याच्या दुप्पट मला येतो, फक्त मी दुकान मांडून बसले नाही. पण काचेत ठेवायचं ते सामान वाजवणारीच्या हातून सुटलेलं असावं. माझ्या हातून अजून कप सुटतात, गिटार सुटलेली नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी, पोरीच्या कारखान्यात, जेवणाच्या हॉलमध्ये, मी वाजवणार आहे. तीन गाणी. तो ड्रमवाला येतोय, ज्याचं नाव कव्हरवर आहे. त्याचे गुडघे गेलेत, माझी बोटं गेलीत, मिळून एक धड माणूस होतो. दोन जागी सूर चुकेल. कुठे ते मला आत्ताच माहीत आहे आणि मी तिथे थांबणार नाही.

तुझी ताई

ता. क. भुसा टाकून दिला असशील तर मला कळवू नकोस.

८ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार, आणि चि. पटाशीस काय लिहावं ते सुचत नाही म्हणून ते शेवटी.

पत्र आलं. तू म्हणतेस त्याच क्रमाने झालं, आधी रडलो आणि मग काय झालं ते परत वाचलं. दुकान तीन दिवस बंद ठेवलं. चौथ्या दिवशी उठून संग्रहालयात गेलो.

संचालकबाई म्हणाल्या, गिटार येत नसेल तर कपाटात दुसरी ठेवू. तुमच्याच दुकानात त्याच सालातली आहे ना, चांगली चकचकीत, कुणी हात न लावलेली? आहे. भिंतीवर तिसरी. खालच्या पाटीवर ताईचं नाव आणि वर परकी गिटार, लोकांना काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, एकदा 'साथीदार' लिहून झालंय, आता साथीदाराची गिटारसुद्धा दुसऱ्याची लावता? त्या म्हणाल्या, मग पाटी काढू, रिकामं कपाट पहिल्या दालनात शोभत नाही. मी म्हटलं पाटी निघणार नाही. त्यांनी शिपायाकडे बघितलं. शिपायाने माझ्याकडे बघितलं आणि चहा आणायला निघून गेला, शहाणा माणूस आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच जाऊन मी त्या कपाटासमोर स्टूल टाकलं आणि बसलो. पाहुणे यायला लागले तसं त्या बाईंना माझ्याशी भांडता येईना. मला एका कानाने कमी ऐकू येतं याचा फायदा मी पहिल्यांदाच एवढा घेतला. शेवटी त्या म्हणाल्या, काय ठेवायचं ते ठेवा, पण उठा.

तर आता कपाटात वरून दिवा आहे. खाली पाटी आहे, ताई, तुझं पूर्ण नाव, आणि त्याखाली 'गिटार'. मध्ये पटाशीने पाठवलेलं पाकीट आहे, उघडं, त्यातला भुसा पांढऱ्या कागदावर पसरलाय. (मांडीवरचा एकेक कण मी त्या दिवशीच वेचला होता. रागात होतो, तरी वेचला.) शेजारी माझ्या हाताने लिहिलेलं कार्ड आहे. ते इथे उतरवतो, कारण चूक असेल तर आत्ताच सांगा:

'हे गिटारच्या दांडीचं तासलेलं लाकूड. तासणारी वाजवणारीची मुलगी. दांडीवर पाचव्या पडद्यामागे एक खाच आहे, ती तासलेली नाही. ती वाजवणारीच्या भावाने पाडली, पेटी एका हाताने उचलल्यामुळे. गिटार इथे नाही. ती वापरात आहे.'

अर्जातलं खोटं मी खोडून घेतलं. सही केली.

माझं एक जुनं गिऱ्हाईक तिथे भेटलं, संग्राहक आहे, घरात चौदा जुन्या गिटारी कुलपात ठेवल्यात. कार्ड वाचून म्हणाला, अरेरे, तासली म्हणजे किंमत गेली की. मी पंचवीस वर्षं अशा माणसांना मान डोलावत आलो. या वेळी त्याला म्हटलं, तुमच्या चौदांपैकी शेवटची कधी वाजली ते सांगा. त्याला आठवेना. तो आता माझ्याकडून काही घेईल असं वाटत नाही. नाही घेतलं तर नाही.

पटाशी, माझं चुकलं. 'हात चालवलास' लिहिलं ते चुकलं, तुझे हात लहान म्हटलं ते तर फारच चुकलं. साचे कापून, खांदे उतरवून, मधली पट्टी राखायची हे मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी माझा हात धजला नसता. दुकानात एक गिटार पडून आहे, एका म्हाताऱ्या बाईंची, बोटं आखडलीत म्हणून विकायला आणून दिली. मी ती अजून विकलेली नाही. तू बघशील का? कानस तुझी आण, माझ्याकडची गंजली आहे.

यावरून नव्या गिटारींबद्दल माझं मत बदललं असं कारखान्यात सांगत फिरू नकोस. ते बदललेलं नाही. आणि त्या दिवशी मला सर्दीच होती.

तिसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीने पोचतो. ताई, चेंडू दाबत राहा, कानाखाली वाजवायची आहे ना. आणि मी आल्याशिवाय पेटीला कुणी हात लावायचा नाही. ती मी उचलणार. कडी दोनदा तपासून, चहा नंतर, आणि या वेळी दोन्ही हातांनी.

तुमचा बारक्या